अध्यक्ष नसलेल्या संस्थेचा इतिहास

स्मरणिका म्हटली की पानं ठरलेली असतात. हार घातलेला संस्थापकांचा फोटो, आमदार-खासदारांचे शुभेच्छा संदेश, अध्यक्षांचं मनोगत, मग ‘संस्थेचा इतिहास’, आणि शेवटी कृषी केंद्र, मेडिकल स्टोअर, मंगल कार्यालय यांच्या जाहिराती. या अंकात त्यातलं इतिहासाचं पान तेवढं आहे. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, म्हणजे सगळे ज्याला नुसतं ‘एए’ म्हणतात, त्या संस्थेला अध्यक्ष नाही, आजीव सभासदांची यादी नाही. तिच्या परंपरेप्रमाणे हयात सभासदाचं पूर्ण नाव आणि फोटो छापायचा नाही. बाहेरच्यांची देणगी घ्यायची नाही, म्हणून जाहिरातीही नाहीत. अशा संस्थेचा इतिहास लिहायचा तर माणसं बाजूला राहतात आणि हातात उरते ती बैठक. दारू सोडू पाहणारी दहा-पंधरा माणसं खुर्च्या गोल मांडून तास-दीड तास बसतात आणि त्यातली काही बरी होतात. हे कुठून आलं, आणि चालतं कसं?

मी सभासद नाही. पुलगावात बैठकीला जागा देणाऱ्यांपैकी एक आहे. खोलीची किल्ली माझ्याकडे असते आणि बाहेरच्यांना बसू देतात त्या खुल्या बैठकांना मी बसतो. त्यामुळे हा इतिहास मला थोडा खोली देणाऱ्याच्या बाजूने दिसतो. वाचकांनी तेवढी सूट धरावी. पण या बाजूने पाहिलं तर एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येते. धर्माने या कामाला सगळ्यात मोठी मदत केली ती खोली उघडून देण्याची, आणि खोली उघडल्यावर स्वतः दाराशी थांबण्याची. जिथे तो आत जाऊन बोलायला लागला तिथे काम अडलं.

सुरुवात दारूपासून झालेलीच नाही, क्षयरोगापासून झाली. १९०५ साली अमेरिकेतल्या बोस्टन शहरात डॉ. जोसेफ प्रॅट यांनी गरीब क्षयरोग्यांचा एक वर्ग सुरू केला. सॅनेटोरियमचा खर्च ज्यांना झेपत नाही अशांना घरच्या घरी विश्रांती, मोकळी हवा आणि आहार कसा सांभाळायचा हे शिकवणं एवढाच हेतू होता. रोग्यांनी रोजची नोंदवही लिहायची, आठवड्यातून एकदा जमायचं, वजन करायचं. ज्याचं वजन वाढलं त्याच्याकडे बाकीचे बघायचे. प्रॅट यांच्या लक्षात आलं की आपल्या सूचनांइतकंच हे एकमेकांकडे बघणं गुण देतंय. समूह-उपचाराचा इतिहास लिहिणारे बहुतेक जण इथूनच सुरुवात करतात. या वर्गाचा खर्च मात्र इस्पितळाने उचललेला नव्हता. तो दिला बोस्टनच्या इमॅन्युएल चर्चने.

त्या चर्चचे धर्मगुरू एलवुड वूस्टर हे जर्मनीत लाइपझिगला विल्हेल्म वुंट यांच्याकडे मानसशास्त्र शिकून आलेले. वर्ग बघून त्यांना वाटलं, क्षयाला जे चालतं ते मनाच्या दुखण्याला का चालू नये? १९०६ मध्ये त्यांनी चर्चमध्येच डॉक्टरांच्या तपासणीसह समुपदेशन सुरू केलं. लोकांची रीघ लागली. पुढे डॉक्टर मंडळी बिथरली. धर्मगुरू आमच्या धंद्यात कशाला, हा सूर निघाला आणि चळवळ ओसरली. पण तिच्यातून एक नवा माणूस तयार झाला: कोर्टने बेलर. हा तिथला जुना रोगी, दारूतून बाहेर आलेला. १९१२ पासून तोच इतर दारुड्यांना सल्ला द्यायला बसू लागला. त्याच्याकडे पदवी नव्हती आणि दीक्षाही नव्हती. ज्या वाटेने तो आला ती वाट माहीत असणं, एवढंच भांडवल.

एए अशाच दोन माणसांच्या भेटीतून निघाली, आणि ती भेटही एका चर्चच्या टेलिफोन नंबरावरून जुळली. मे १९३५. न्यूयॉर्कचा शेअर दलाल बिल विल्सन धंद्याच्या एका व्यवहारासाठी ओहायो राज्यातल्या अ‍ॅक्रन गावी गेला होता. व्यवहार फसला. दारू सोडून पाच-सहा महिने झालेले, परगाव, खिशात पैसे नाहीत. हॉटेलच्या लॉबीत एका टोकाला बारमधली हसण्या-बोलण्याची गजबज, दुसऱ्या टोकाला टेलिफोन आणि गावातल्या चर्चची यादी. त्याने यादीतला एक नंबर फिरवला आणि मला एखाद्या दारुड्याशी बोलायचंय म्हणून सांगितलं. ओळखीतून ओळख निघत तो डॉ. बॉब स्मिथ या सर्जनपर्यंत पोचला. डॉक्टर तर्र होऊन पडण्यात गावभर प्रसिद्ध. पंधरा मिनिटांच्या वर थांबणार नाही, अशी बायकोला अट घालून ते आले आणि सहा तासांच्या वर बसले. समोरचा माणूस उपदेश करत नव्हता, स्वतःचंच सांगत होता. १० जून १९३५ नंतर डॉ. बॉब प्याले नाहीत. संस्था तोच आपला स्थापनादिन मानते.

त्या काळी दोघंही ऑक्सफर्ड ग्रुप नावाच्या ख्रिस्ती चळवळीच्या बैठकांना जात. आपल्या चुका दुसऱ्यासमोर कबूल करणं, ज्याचं नुकसान केलं त्याची भरपाई करणं, सकाळी शांत बसणं, हे सगळं तिथूनच आलं. पण त्या चळवळीची नीतीची मोजपट्टी फार कडक होती. कालपर्यंत गटारात पडलेल्या माणसाला आज संपूर्ण पवित्र व्हा म्हटलं की तो परवा पुन्हा गटारात सापडायचा. शिवाय कॅथलिकांना त्या बैठकांना जाण्याची त्यांच्या चर्चची परवानगी नव्हती. न्यूयॉर्कवाले १९३७ मध्ये बाहेर पडले, अ‍ॅक्रनवाले १९३९ मध्ये. त्याच वर्षी संस्थेचं पुस्तक निघालं आणि त्यात दारूतून बाहेर येण्याच्या बारा पायऱ्या छापल्या गेल्या. मसुद्यावर भरपूर भांडण झालं होतं. श्रद्धाळूंना देव ठसठशीत हवा होता, नास्तिकांना तो नकोच होता. तोड निघाली ती अशी की देव ज्याला जसा कळला तसा त्याने घ्यावा. ही भांडणातून निघालेली तडजोड आहे, आणि मला वाटतं संस्थेच्या साऱ्या इतिहासात इतकं शहाणपणाचं दुसरं काही झालेलं नाही.

त्याच १९३९ साली अ‍ॅक्रनच्या सेंट थॉमस इस्पितळात सिस्टर इग्नेशिया या जोगिणीने दारुड्यांना भरती करून घ्यायला सुरुवात केली. दारूसाठी खाट मिळत नसे, म्हणून कागदावर पोटाचा विकार लिहायचा. घरी जाताना ती प्रत्येकाच्या हातावर एक लहानसं पदक ठेवी आणि बजावी, पुन्हा प्यायचं ठरवलंस तर आधी हे मला परत आणून दे. बैठकीत आज एक वर्ष, पाच वर्षं झाली की ‘वाढदिवस’ करून मेडल देतात, त्याच्यामागे ही सिस्टर आहे असं जुने लोक सांगतात.

भारतात एए ५ मे १९५७ पासून धरतात, मुंबईतून. सुरुवातीची बरीच वर्षं ती इंग्रजी बोलणाऱ्यांचीच राहिली. मराठी मुलखात हे काम रुजायला दोन संस्थांची मदत झाली. १९८१ मध्ये फादर जो परेरा यांनी वांद्र्याच्या माउंट कार्मेल चर्चच्या आवारात कृपा फाउंडेशन सुरू केलं. फादर हे बी. के. एस. अय्यंगार यांचे शिष्य. त्यामुळे चर्चच्या अंगणात योगासनं आणि बारा पायऱ्या एकाच दिनक्रमात बसल्या, आणि भरती होणाऱ्याला धर्म विचारला गेला नाही. २००९ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. दुसरी संस्था पुण्याचं मुक्तांगण. ते २९ ऑगस्ट १९८६ रोजी डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी, पु. ल. देशपांडे यांच्या देणगीच्या बळावर सुरू केलं. मुक्तांगण धार्मिक संस्था नाही, पण समूहात बसून बोलायचं हे तिथेही मुख्य औषध आहे, आणि एएला तिथे जागा आहे. विदर्भातून पुण्याला जाऊन आलेल्यांनी ‘ग्रुप’ आणि ‘शेअरिंग’ हे शब्द गावोगाव आणले.

आता पुलगाव. गिरणी, रेल्वे आणि सैन्याचा डेपो यांच्यावर वाढलेलं गाव. वर्धा जिल्हा गांधी-विनोबांचा म्हणून दारूबंदीचा, आणि नदीचा पूल ओलांडला की अमरावती जिल्हा, तिथे बंदी नाही. (दारूबंदीच्या जिल्ह्यात आशियातलं एक मोठं दारूगोळा भांडार, हा इथला जुना विनोद. भांडारातल्या ३१ मे २०१६ च्या आगीनंतर तो कोणी फारसा करत नाही.) बंदीमुळे दारू गेली नाही, लपली. परवान्याशिवाय पिणं हाच मुळी कायद्याने गुन्हा, त्यामुळे चारचौघांत ‘मी पितो’ म्हणणं म्हणजे नुसती लाज नाही, कबुलीजबाबच. घरचेसुद्धा डॉक्टरला खरं सांगत नाहीत. अशा ठिकाणी निनावी बैठकीची गरज मुंबईपेक्षा जास्त. आणि गंमत अशी की निनावी राहणं इथे मुंबईपेक्षा अवघड. बाजारपेठ एक, स्टेशन एक, खुर्चीवर समोर बसलेला माणूस आपल्या साळ्याचा वर्गमित्र निघतो. म्हणून ‘इथे ऐकलं ते इथेच ठेवायचं’ हा नियम प्रत्येक बैठकीत मोठ्याने वाचतात.

आपल्या भागात समूह आणि श्रद्धा यांची जोडी काही नवी नव्हती. मोझरीच्या गुरुकुंजातून तुकडोजी महाराजांची सामुदायिक प्रार्थना गावोगाव गेली. ठरल्या वेळी, रांगेत, जातपात न बघता बसायचं. गाडगेबाबा कीर्तनात ऐकणाऱ्यांनाच प्रश्न विचारत आणि दारू पिणाऱ्याला त्याच्याच तोंडून वेडा ठरवत. खेड्यात अजूनही दारू सोडवायचा पहिला उपाय म्हणजे माळ घालणं. माळ घातली की दारू-मटण बंद, दिंडीत चार सोबती मिळतात, आणि कित्येकांची दारू खरोखर सुटते. हे उपाय मी कमी लेखत नाही. पण त्यांची घडण वेगळी आहे. कीर्तनात एक बोलतो आणि बाकीचे ऐकतात. प्रार्थनेत सगळे मिळून एकच म्हणतात. बैठकीत प्रत्येक जण आपापलं बोलतो. आणि खरा फरक पडतो तो माणूस घसरल्यावर. माळ घातलेला प्याला की देवाचा गुन्हेगार होतो. माळ खुंटीला टांगतो, दिंडीच्या लोकांना टाळतो आणि आधीपेक्षा जास्त पितो. बैठकीत घसरला त्याला ‘स्लिप झाली’ म्हणतात. त्याचे दिवस पुन्हा एकपासून मोजायचे, खुर्ची तीच. सभासद व्हायला दारू सोडलेली असण्याची अटच नाही, सोडायची इच्छा पुरते.

प्रत्यक्ष बैठक अशी. सुरुवातीला उभं राहून शांती, धैर्य आणि विवेक मागणारी छोटी प्रार्थना. ती रायनहोल्ड निबर या अमेरिकन धर्मवेत्त्याची मानतात. त्या दिवशी बैठक चालवणारा पायऱ्या किंवा संस्थेच्या परंपरा वाचून घेतो. मग क्रमाने एकेक जण: पहिलं नाव, ‘मी अल्कोहोलिक आहे’, आणि सगळ्यांचा नमस्कार. पुढची पाच-सात मिनिटं त्याची. बोलायचं ते स्वतःबद्दल. बायको कशी, साहेब कसा, यावर घसरला की दोन जण घड्याळाकडे बघतात. मधे कोणी बोलत नाही, संपल्यावर सल्ला देत नाही, ‘तुम्ही असं करायला पाहिजे होतं’ हे वाक्य चालत नाही. नव्या माणसाला हे फार चमत्कारिक वाटतं. आपल्याकडे दुःख सांगितलं की समोरच्याने उपाय सांगायचा, हा शिष्टाचार आहे. एक गृहस्थ पहिल्यांदा आले तेव्हा हात जोडून म्हणाले, “मी नाई बोलत भाऊ, आयकतो फक्त.” बरं, म्हणाले सगळे, आणि पाळी पुढच्याकडे गेली. कोणी आग्रह केला नाही. पुढच्या काही बैठकांतही ते गप्पच होते. मग एकदा शेजारच्याने सांगितलं की तो बाटली गाईच्या गोठ्यात कडब्याखाली ठेवायचा. यांनी मान वर केली आणि आपली पाळी येण्याआधीच म्हणाले, “मी कुटारात.” बैठक हसली. चालवणाऱ्याने हात करून थांबवलं, कारण पाळी त्यांची नव्हती. पाळी आल्यावर ते वीस मिनिटं बोलले, आणि त्या दिवशी घड्याळ कोणी पाहिलं नाही.

हे असं का घडतं, यावर अभ्यासकांनी पुष्कळ लिहिलं आहे. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ अर्विन यालोम यांनी १९७० च्या आपल्या ग्रंथात समूह गुण देतो त्याची कारणं मांडली. त्यातली दोन-तीन आमच्या खोलीतही डोळ्यांनी दिसतात. एक, ‘हे फक्त माझंच नाही’ हे कळणं. कुटाराची गोष्ट तीच. दुसरं, पुढे गेलेला माणूस समोर दिसणं, प्रॅटच्या वर्गातल्या वाढलेल्या वजनासारखं. तिसरं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं: मदत करायला मिळणं. दारुड्याला वर्षानुवर्षं सगळे मदतच करत असतात, आणि त्या मदतीखाली तो दबून गेलेला असतो. खुर्च्या लावणं, चहा करणं, नव्याला स्टेशनवरून घेऊन येणं ही कामं त्याच्यावर सोपवली की घरात त्याच्याकडून कोणी अपेक्षा करत नाही ते इथे होतं. २०२० मध्ये कॉक्रेन या संस्थेने सत्तावीस अभ्यास आणि १०,५६५ रुग्णांचा आढावा घेतला. बारा पायऱ्यांकडे पद्धतशीर वळवण्याचा उपचार दारू पूर्ण बंद ठेवण्याच्या बाबतीत इतर मानसोपचारांच्या तोडीचा, बऱ्याचदा त्यांच्यापेक्षा सरस आढळला.

देवाचं काय, हा प्रश्न आपल्या जिल्ह्यात फार जवळचा आहे. नागपूर इथून फार लांब नाही. १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी तिथे दिलेल्या बावीस प्रतिज्ञांमध्ये देवदेवतांना न मानण्याची प्रतिज्ञा आहे आणि दारू न पिण्याचीही. म्हणजे बौद्ध घरातला माणूस बैठकीत येतो तेव्हा एक प्रतिज्ञा मोडल्याची टोचणी घेऊन येतो, आणि आल्याबरोबर दुसरी मोडायला सांगतात असं त्याला वाटतं. १९३९ ची तडजोड इथे उपयोगी पडते. स्वतःपेक्षा मोठं काहीतरी धरायचं आहे ना? ही गोल बसलेली माणसंच धर, म्हणतात जुने सभासद. तुझ्या एकट्याने जमलं नाही, यांच्यासोबत जमतंय, एवढं तर खरं आहे. कोणी विठ्ठल धरतो, कोणी येशू, कोणी अल्ला, कोणी ही खोली. प्रार्थनेच्या वेळी हात न जोडता उभं राहिलं तरी कोणी बघत नाही.

हे नेहमी इतकं सरळ होतं असं नाही. श्रद्धेच्या आधाराने चालणाऱ्या समुपदेशनात एक कायमचा मोह असतो. समोर माणूस मोडून पडलेला, रडतोय, काहीही ऐकायला तयार, आणि आपल्याकडे तयार उत्तर. भजनी मंडळाचा असो, चर्चचा असो, विपश्यना करून आलेला असो, प्रत्येकाला वाटतं आपलं औषध आत्ता पाजावं. खोलीची किल्ली हातात असणाऱ्याला तर फारच वाटतं, हे मी अनुभवाने सांगतो. पण एकदा प्रवचन सुरू झालं की माणसं बरं दिसावं म्हणून बोलायला लागतात. सगळं छान चाललंय म्हणतात आणि पुलापलीकडे जाऊन येतात.

दुसरी मर्यादा डॉक्टरकीची. अनेक वर्षं रोज पिणाऱ्याने एकदम सोडली तर दोन-तीन दिवसांत हात कापणं, भास होणं, फिट येणं, इथपर्यंत जाऊ शकतं. त्यात जीव जातो. तिथे बैठक कामाची नाही, प्रार्थना तर नाहीच. आधी इस्पितळ. सेवाग्रामचं जिल्ह्यातच आहे, आणि दारूबंदीमुळे खरं सांगायला घाबरू नये, डॉक्टर पोलिसात देत नाहीत. ‘चहात मिसळून द्या, त्याला कळणारही नाही’ अशा पुड्यांपासूनही दूर राहावं.

पैशाबद्दल थोडं. बिल विल्सन आणि मंडळींनी धनाढ्य जॉन रॉकफेलर यांच्याकडे मोठी रक्कम मागितली होती. १९३८ मध्ये रॉकफेलर यांनी पाच हजार डॉलर दिले आणि त्याहून जास्त पैशाने हे काम नासेल, असा इशारा दिला. मागणारे हिरमुसले. पुढे बाहेरचा पैसा न घेणं हाच नियम झाला. आजही बैठकीच्या शेवटी डबा फिरतो. दहा-वीस रुपये सभासदांनीच टाकायचे, त्यातून चहा, पुस्तकं आणि खोलीचं नाममात्र भाडं. भाडं नको म्हटलं तर ऐकत नाहीत. फुकटची खोली घेतली की देणाऱ्याचं ऐकावं लागतं, हे त्यांना आमच्यापेक्षा आधी कळलेलं आहे.

राहिल्या बायका. १९५१ मध्ये बिल विल्सन यांच्या पत्नी लोइस यांनी अल-अ‍ॅनॉन ही पिणाऱ्यांच्या घरच्यांची वेगळी बैठक उभी केली, आणि मुक्तांगणने पत्नींसाठी ‘सहचरी’ गट काढला. आपल्याकडे बायको पहिल्यांदा येते ती नवऱ्याची तक्रार घेऊन. तिलाही तोच नियम लागतो: बोलायचं ते स्वतःबद्दल. तिच्यासाठी तो जास्त कठीण आहे, कारण स्वतःबद्दल बोलायची तिला सवयच नसते. एका बाईंना बराच वेळ काही सुचेना. मग म्हणाल्या, गेल्या दिवाळीपासून मी पोटभर झोपले नाही. मोहाच्या, संत्र्याच्या, विदेशी अशा सगळ्या दारूंवर बोलणारे पुरुष गावात ढिगाने आहेत. ही गोष्ट सांगायला मात्र त्या बाईंना दुसरी जागा नव्हती. आणि जी बाई स्वतःच पिते, तिला अजून इथेही जागा नाही. संस्थेचे नियम तिला अडवत नाहीत, गाव अडवतं. वीस पुरुषांच्या गोलात ती येऊन बसणार नाही, हे उघड आहे. तिच्यासाठी बायकांची वेगळी बैठक हवी, दुपारच्या वेळी, बाजारापासून लांब. खोलीची दुसरी किल्ली करून ठेवली आहे. ती बाईमाणसाच्याच हाती द्यायची आहे.